चौघांनी थ्रेशरला तोफ म्हटलं

सुदामा नगरच्या घरी बसून मी सॅटेलाइटच्या फोटोंमधल्या गाड्या ओळखते. लष्करासाठी बनणारं एक सॉफ्टवेअर त्यावरून निशाणे ओळखायला शिकतं.

आज एका शेतात ट्रॅक्टरमागे मळणीचा थ्रेशर दिसला, बाजूला भुशाचा ढीग. सांवेरच्या आमच्या शेतात सोयाबीन काढताना अगदी हेच असतं. मी 'शेतीचं यंत्र' निवडलं. एकच फोटो आम्हा पाच जणांकडे येतो. बाकी चौघांनी 'तोफ' निवडलं, म्हणून चूक माझी ठरली.

सुपरवायजरला फोन लावला. तो म्हणाला, "दीदी, मेजॉरिटी जो बोले वही सही. रेटिंग गिरी तो काम बंद."

पुढच्या फोटोत परत थ्रेशर. मी 'तोफ' दाबलं. लगेच हिरवी टिक आली.

थ्रेशरपाशी चार-पाच माणसं राबत असतात, वरून ती दिसत नाहीत. मंडळी, त्यांच्या बाजूने मत कोण देणार होतं? मी तर नाही दिलं.