सगळ्यांना मुलगाच

सासूबाई कॅनडात, सरेला आल्या तेव्हा मला दुसऱ्या खेपेचा आठवा आठवडा चालू होता आणि पाण्याचासुद्धा वास यायला लागला होता. फार्मसीच्या काउंटरमागे दिवसभर उभं राहायचं, मध्येच वॉशरूममध्ये जाऊन ओकायचं, तोंड धुऊन परत यायचं आणि पुढच्या माणसाला हसून "हाय, हाउ आर यू टुडे" म्हणायचं, असे ते दिवस होते. संध्याकाळी डेकेअरमधून मुलीला घेऊन बसने घरी आले की मी कोट न काढताच पलंगावर पडायची. मुलगी चार वर्षांची. ती शेजारी उभी राहून विचारायची, "मम्मा, व्हाय आर यू ऑल्वेज टायर्ड?" मी तिचा हात धरून तशीच पडून राहायची.

खरं तर सासूबाई बाळंतपणाला म्हणून उन्हाळ्यात यायच्या होत्या. पण त्यांच्या कराडच्याच एक ओळखीच्या बाई डिसेंबरात लेकाकडे व्हँकुव्हरला निघाल्या, विमानात सोबत मिळाली, म्हणून त्या आधीच आल्या. आम्ही तेव्हा एका पंजाबी कुटुंबाच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. दोन खोल्या, खिडक्या जमिनीलगत. बाहेर बघितलं की ओलं गवत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसायचे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ते सगळं नजरेखालून घातलं, "तळघरात बाळंतीण?" एवढंच म्हणाल्या आणि पदर खोचून ओट्याकडे वळल्या. त्या दिवसापासून स्वयंपाक माझ्या हातून सुटला, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

गावाकडे त्यांची एक ख्याती होती. गरोदर बाई जमिनीवरून उठताना कुठला पाय आधी पुढे टाकते, हात कुठल्या बाजूला टेकते, चेहऱ्यावर काय उतरलंय, हे बघून त्या मुलगा की मुलगी ते सांगायच्या. तेही तिसऱ्या महिन्यातच. "आईचं कधी चुकत नाही," माझा नवरा अभिमानाने सांगायचा. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर, बाकी कुठल्याही गोष्टीला पुरावा मागणारा माणूस. या एका बाबतीत मात्र त्याला पुरावा नको असायचा.

संक्रांतीला एका ओळखीच्यांच्या कॉन्डोच्या पार्टी रूममध्ये हळदीकुंकू होतं. मला जायची ताकद नव्हती, पण सासूबाईंना माणसं दिसतील म्हणून गेले आणि भिंतीला टेकून बसले. मी दिसताच सगळ्यांना विषय मिळाला. आंबट खावंसं वाटतं की गोड? पहिलीच्या वेळी एवढ्या उलट्या होत्या का? एकीने इंटरनेटवरून चायनीज कॅलेंडरचा तक्ता प्रिंट करून आणला होता. माझं वय आणि दिवस राहिले तो महिना विचारून ती त्यात बोट फिरवत बसली. दुसरीने आपली अंगठी दोऱ्याला बांधून माझ्या पोटावर धरली. गोल फिरली तर मुलगी, मागेपुढे हलली तर मुलगा. अंगठी जरा गोल, जरा मागेपुढे, अशी कशीही हलली आणि सगळ्या हसल्या. मी हात उचलून नको म्हणू शकले असते. तेवढंही त्राण नव्हतं. तिळगूळ देता देता एक बाई प्रेमाने म्हणाली, "पहिली मुलगी आहे ना, आता मुलगा झाला की फॅमिली कम्प्लीट."

मग कुणीतरी सासूबाईंना धरलं. "काकू, तुम्हाला कळतं म्हणे. सांगा ना!" तिथे माझ्याखेरीज आणखी दोघी गरोदर होत्या. सासूबाईंनी दोघींना उठायला लावलं आणि दोघींनाही सांगितलं, "मुलगा." टाळ्या वाजल्या. माझी पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "घरातलं मी सांगत नाही."

परत येताना गाडीत नवऱ्याने विचारलंच. "तरी तुला काय वाटतं, आई?"

"मला वाटतं, तिला झोप हवी आहे," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना कळतं ही बातमी वर घरमालकिणीकडे कशी पोहोचली माहीत नाही, बहुधा आमच्या मुलीकडूनच. ती संध्याकाळभर वरखाली करायची. एका शनिवारी दुपारी घरमालकीण सरसों का सागचं भांडं घेऊन खाली आली. मागे तिची सून होती. सुनेला चौथा महिना लागला होता आणि आधीच्या दोन मुली होत्या. सून माझ्याच वयाची, एका गोदामात पॅकिंगचं काम करायची. आम्ही लॉन्ड्रीच्या वेळी भेटायचो तेव्हा दोघींचंही बोलणं एवढंच असायचं, "आज कैसा है?" "बस, थक गई."

घरमालकीण आडपडदा न ठेवता बोलली. इथले हॉस्पिटलवाले एवढ्या लवकर काही सांगत नाहीत. पण बॉर्डरपलीकडे अमेरिकेत सांगणारे दवाखाने आहेत, पेपरात जाहिराती येतात. पुढच्या शुक्रवारची वेळ घेतली आहे. त्याआधी बहनजींनी एकदा बघितलं तर बरं. ती वाईट बाई नव्हती. माझ्या उलट्यांसाठी रोज सकाळी आलं ठेचून पाठवायची. सून गालिच्यावर बसली होती, मान खाली.

"उठो बेटा," सासूबाई म्हणाल्या. त्या मेथी निवडत होत्या. सून उठली. सासूबाईंनी मेथीची आणखी एक काडी मोडली आणि म्हणाल्या, "लडका हय. पक्का. किधर जाने का नहीं. मशीनकू क्या समजता हय."

घरमालकिणीने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. सुनेने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. शुक्रवारी त्यांची गाडी दारातच उभी होती. कुणी कुठे गेलं नाही.

पण मी समोरच पडले होते आणि मी बघितलं होतं. सून उठली तेव्हा सासूबाईंनी मान वर केलीच नव्हती.

त्या दोघी गेल्यावर मी म्हटलं, "आई, तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"नाही बघितलं."

"मग?"

त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली. मग सांगायला लागल्या. पूर्वी त्या खरंच बघायच्या. मुलगी म्हटलं तर बायका जरा तोंड वाकडं करायच्या, हसायच्या, जायच्या. जे असेल ते नऊ महिन्यांनी घरात यायचंच. मग शहरात सोनोग्राफीचं मशीन आलं. त्यांच्या शेजारी एक नवी सून होती, रोज ताक न्यायला यायची. तिने हौसेने विचारलं, आणि यांनी हौसेने सांगितलं, मुलगी. चार दिवसांनी तिच्या घरच्यांनी तिला शहरात नेलं. मशीननेही मुलगीच सांगितली. नंतर ती दोन महिने ताकाला आली नाही.

"मग एकदा विहिरीवर भेटली," सासूबाई म्हणाल्या. "वाळून गेली होती. मला म्हणाली, काकू, तुमचं कधी चुकत नाही. चिडून नाही म्हणाली. शहाण्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली."

त्यांनी निवडलेली पानं परातीत टाकली.

"तेव्हापासून मी सगळ्यांना मुलगाच सांगते. निम्म्या जणींना होतोच. त्या गावभर सांगतात. उरलेल्यांना मुलगी होते, तेव्हा ती हातात आलेली असते. रडते, दूध पिते. मी म्हणते, बाई, चुकलं माझं."

आज हे लिहिताना मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते त्या दुपारी वाटलं नाही. मला मळमळत होतं, पाय सुजले होते आणि अंगावर सगळ्यांच्या अंदाजांचं ओझं होतं. मी म्हटलं, "पण आई, तुम्ही मुलगा म्हटल्यावर टाळ्या वाजतात. मुलगाच हवा हे तुम्हीच त्यांना पुन्हा पुन्हा सांगता. आणि उद्या वरच्या सुनेला मुलगी झाली की त्या पोरीचं काय? आपण त्यांच्याच घरात राहतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. "असेल," म्हणाल्या. मग मेथीच्या काड्या गोळा करून उठल्या.

त्याच आठवड्यात जेवताना नवरा सहज म्हणाला, "वरचे जाणार होते तिकडे आपणही एकदा जायचं का? काही करायचं म्हणून नाही गं. नुसतं कळायला."

माझ्या हातात घास होता. पहिली मुलगी झाली तेव्हा हाच माणूस हॉस्पिटलमध्ये आनंदाने रडला होता. त्याच्याशी भांडायला हवं होतं. मी शब्द शोधले आणि मला एवढंच सापडलं, "आपल्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही."

"अप्लाय करता येईल."

"तुला कळून काय करायचंय?" सासूबाईंनी त्याच्या पानात भात वाढता वाढता विचारलं.

"काही नाही, आई. उत्सुकता असते माणसाला."

"नुसती उत्सुकता असेल तर सहा महिने टिकेल की."

तो लाल झाला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. पण रोज झोपताना तो माझ्या पोटावर हात ठेवायचा, तेव्हा तो काय मोजतोय असा विचार माझ्या मनात येऊ लागला, आणि नवरा खोलीत यायच्या आधीच मी कूस बदलून झोपू लागले. ते अंतर भरायला पुढे बरेच महिने गेले.

सासूबाईंच्या व्हिसाची सहा महिन्यांची मुदत जूनमध्ये संपली, ती अर्ज करून वाढवून घेतली. जुलैच्या मध्याला वरच्या सुनेला मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी घरमालकीण खाली आली. दार उघडून सासूबाई उभ्या राहिल्या.

"बहनजी, आपने तो लडका बोला था."

"गलती हो गया," सासूबाई म्हणाल्या. "मेरा गलती हय. तुम्हारे बहू का नहीं."

घरमालकीण बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. मला वाटलं, आता घर खाली करायला सांगेल. ती मटकन जिन्याच्या पायरीवर बसली आणि ओढणीने तोंड पुसलं. मुलगा कालपासून धड बोलत नाही, म्हणाली. मग म्हणाली, पोरीचं नाक मात्र तिच्या आजोबांसारखं आहे, ते असते तर... आणि रडायला लागली. ती कशासाठी रडत होती ते मला तेव्हाही समजलं नाही. सासूबाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच येत होती.

आठ दिवसांनी सून स्वतःच बाळाला घेऊन खाली आली. सासूबाई आमच्या मुलीला पार्कात घेऊन गेल्या होत्या. सुनेने बाळ माझ्या पलंगावर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "उन्होंने मेरी तरफ देखा ही नहीं था. मुझे उसी दिन पता चल गया था."

"फिर तुमने कुछ बोला नहीं?"

"क्यों बोलती?" ती म्हणाली आणि बाळाचं टोपडं नीट करू लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी बाळंत झाले. मुलगा झाला. बाळ बघून मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण मग भारतातून फोन यायला लागले आणि मला माणसांच्या आवाजातला फरक ऐकू आला. मुलीच्या वेळी हीच माणसं म्हणाली होती, "असू दे, पहिली बेटी." आता ती आनंदाने ओरडत होती. माझी स्वतःची आईसुद्धा. सासूबाई प्रत्येकाला आधी "बाळ-बाळंतीण सुखरूप" एवढंच सांगायच्या आणि थांबायच्या. पलीकडचा माणूस विचारेपर्यंत पुढचं सांगत नसत. मी डोळे मिटून पडून राहायची. वरची सून भेटायला आली तेव्हा मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना, जणू मी तिचं काही घेतलं होतं. तिने बाळाच्या हातात काळे मणी बांधले आणि म्हणाली, "सो जाओ, मैं बैठती हूँ." मी खरोखरच झोपले.

सासूबाई सप्टेंबरात परत गेल्या. दोन वर्षांनी आम्ही टाउनहाउस घेतलं आणि ते घर सोडलं.

पुढे एकदा नवऱ्याच्या चुलतबहिणीला दिवस राहिले. तिलाही आधीच्या दोन मुली. ती मुद्दाम सासूबाईंकडे गेली, सगळं घर घेऊन. सासूबाईंनी तिला काहीच सांगितलं नाही. "मला आता नाही कळत गं," म्हणाल्या. हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं.

मी विचारलं, "का, आई? मुलगा सांगून टाकायचं होतं."

"तूच म्हणालीस ना, मीच त्यांना पुन्हा पुन्हा सांगते म्हणून. तुझं बरोबर होतं. मी सोडलं ते."

मागे माझा मुलगा रडत होता, गॅसवर काहीतरी उतू जात होतं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या चुलतबहिणीचं नंतर काय झालं ते आमच्यापर्यंत कधी आलं नाही. पुढे घरच्या फोटोंत तिच्या दोन मुलीच असायच्या, तिसरं मूल काही दिसलं नाही. फोन उचलून विचारणं अवघड नव्हतं. मी विचारलं नाही.