पांढऱ्या झग्यातली अल्बा

टेक्लाच्या हातचं बुटिफारा खाल्लं नाही असा कातालान माणूस तेव्हा मेक्सिको शहरात शोधून सापडला नसता. डुकराचं मांस, मीठ, मिरी, बस्स. पण आतड्यात ते भरताना तिचा अंगठा असा चालायचा की बघत राहावं. स्पेनमधली लढाई हरून देश सोडून आलेली ही माणसं संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात जमायची, पावावर टोमॅटो चोळायची आणि तिकडचा हुकूमशहा फ्रँको येत्या वर्षी पडणारच, असं एकमेकांना बजावायची. कुणी धड कपाटसुद्धा विकत घेत नव्हतं. कशाला? परतच तर जायचंय! असं म्हणता म्हणता आठ वर्षं गेली.

टेक्लाची जीभ तिखट, हात सढळ. नवरा फेलिउ छापखान्यात खिळे जुळवायचा. मुलगी नेउस इथेच जन्मलेली, सहा वर्षांची. आणि एक थोरली होती, अल्बा. लढाई हरल्यावर फ्रान्सच्या सीमेकडे पळताना त्या तीन वर्षांच्या पोरीला ताप भरला. फेलिउ तिला घेऊन जवळच्या गावात आपल्या बहिणीकडे, एंग्रासियाकडे गेला, आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी परतला. "गेली," म्हणाला. टेक्ला रस्त्यातच बसली, उठेना. फेलिउनं तिला अक्षरशः ओढत सीमेपार नेलं. त्यानं तेव्हा सावरलं म्हणून आपण जगलो, असं ती येईल-जाईल त्याला सांगायची.

चित्रकार नार्सीस त्यांच्याच मुलखातला. पॅरिसला शिकून आलेला, पण काढायचं काय, तर स्वप्नात दिसावं तसलं. माशाला पाय, छत्रीला दात.

"अरे मेल्या, एकदा तरी माणसाला माणसासारखं काढ की," टेक्ला ऐकवायची.

"तू एकदा तरी मला पोटभर वाढ, मग काढतो."

"चार ताटं रिचवलीस की आत्ता! पोट आहे का कोठार?"

त्या जेवणांची परतफेड म्हणून त्यानं कुटुंबाचं चित्र काढायला घेतलं. स्वयंपाकघरातच, खिडकीपाशी. रोज काम संपलं की वर चादर टाकायचा, कुणाला बघू द्यायचा नाही.

एका रविवारी चादर निघाली. फेलिउ वाइन आणायला गेला होता. चित्रात एक जेवणाचं टेबल समुद्रावर तरंगत होतं. फेलिउच्या बुटांना मुळं फुटलेली, नेउसच्या डोक्यावर टोपीच्या जागी निवडुंग, आणि टेक्लाच्या हातातली बुटिफाराची माळ आगगाडी होऊन डोंगरात शिरलेली. टेक्ला पोट धरून हसली. मग तिला टेबलाच्या कडेला उभी असलेली मुलगी दिसली.

एवढी एकच आकृती सरळ होती. सात-आठ वर्षांची पोर, डोक्यावर पांढरी जाळी, अंगात पांढरा झगा, हातात जपमाळ. कपाळ टेक्लाचं, हनुवटी फेलिउची.

टेक्लाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "फेलिउनं सांगितलं वाटतं तुला. मोठी झाली असती तर अशीच दिसली असती रे." पदरात नाक पुसावं तसं तिनं एप्रनला नाक पुसलं. "पण हा चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा झगा कुठून काढलास? आमच्या घरात कुणाचा बाप्तिस्मासुद्धा नाही."

"आता फोटोत तोच आहे, त्याला मी काय करू?"

"कुठल्या फोटोत?"

"फेलिउनं दिलेल्या. त्याच्या बहिणीनं पाठवलाय ना?" नार्सीस ब्रश पुसत होता. "बाकी सगळं वाकडं करता येतं, टेक्ला, पण गावाकडच्या पोरीचा चेहरा वाकडा करायला हात धजेना." आणि मग तिच्याकडे बघून त्याचा हात थांबला. "तुला... तुला ठाऊक नव्हतं?"

तीन वर्षांची असताना मेलेली पोर सातव्या-आठव्या वर्षी होणाऱ्या कम्युनियनला कशी उभी राहील? टेक्ला स्टुलावर बसली.

फेलिउ बाटली घेऊन आत आला, आणि चित्र बघताच पांढराफटक पडला. नार्सीसच्या चित्रात कुणाला काही ओळखू येत नाही, या भरवशावर त्यानं फोटो दिला होता. पोर निदान चित्रात तरी आपल्याजवळ असावी, एवढंच त्याच्या मनात होतं म्हणे.

"जिवंत आहे?" टेक्लानं विचारलं.

त्यानं हो म्हणून मान हलवली. "तिला तापात घेऊन डोंगर चढता आला नसता. तिला सोडून तू आली नसतीस. आणि मी मागे राहिलो असतो तर फ्रँकोच्या लोकांनी मला भिंतीला उभं करून गोळी घातली असती."

"म्हणून मारून टाकलंस तिला."

"सहा महिन्यांचा प्रश्न होता गं! सगळेच म्हणत होते, सहा महिन्यांत परत जाऊ. मग सांगणार होतो. मग रोज अवघड होत गेलं."

परक्यानं घात केला तर माणूस शिव्या घालून मोकळा होतो. इथं ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती पोरीसाठी रडत आली, त्यानंच केसानं गळा कापला होता, आणि वर त्याच हातानं पाठही थोपटली होती.

"माझ्याविषयी काय सांगितलंय तिला?"

फेलिउनं बाटली टेबलावर ठेवली. "तिकडे पळालेल्या लोकांच्या मुलांचे फार हाल करतात. म्हणून एंग्रासियानं तिला स्वतःची म्हणून वाढवली. नावसुद्धा बदललं, पिलार ठेवलं. आपण तिला आठवतही नाही."

"आणि तू? तू पत्रं लिहितोस ना तिकडे?"

"मी... तिचा मामा आहे. मेक्सिकोतला."

"वा!" टेक्ला म्हणाली. "म्हणजे तिच्या लेखी तू तेवढा जिवंत राहिलास."

नार्सीस कोट उचलून मुकाट्यानं बाहेर पडला. नेउस चित्रासमोर येऊन उभी राहिली आणि पांढऱ्या झग्यावर बोट ठेवून म्हणाली, "आई, ही कोण?"

"तुझी ताई. अल्बा."

"ती तर मेली ना?"

"नाही. आहे ती."

"मग आपल्याकडे कधी येणार?"

टेक्लानं तिला जवळ घेतलं, पण नजर फेलिउवरून हलवली नाही. "ते बाबांना विचार," ती म्हणाली. "फक्त ते जे सांगतील, ते खरं मानू नकोस."