पिकल्या चिकूइतकी मऊ चाकं

मामा चाकं डोळे मिटून दाबायचे. बाजारात आपण चिकू दाबून बघतो ना, अगदी तसे. उजवा अंगठा कडेला टेकवायचा, मान जराशी तिरकी, आणि तेवढ्या दोन-तीन क्षणांत गाळ्यातला पंखासुद्धा श्वास धरून फिरतोय असं वाटे. मग निकाल लागे : "खारीक." नाहीतर "कैरी." आणि एखाद्या दिवशी, फार खूष असले की, "चिकू! पिकलेला, पण पिशवीत फुटणार नाही असा." कडकपणा मोजायचं घड्याळासारखं यंत्र होतं की खणात, फडक्यात गुंडाळलेलं. मामा ते फक्त गिऱ्हाइकाला दाखवायला काढत. "यंत्र आकडा सांगतं गं," म्हणायचे, "स्वभाव नाही सांगत."

कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यांच्या हाताखाली मी पहिल्यांदा आले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. भांडुपच्या त्या कारखान्यात युरेथेन ओतून छापखान्याचे रोलर आणि ट्रॉलीची चाकं बनत. युरेथेन म्हणजे दिसायला रबराचा भाऊ, पण जास्त चिवट. दोन पातळ रसायनं मापात मिसळायची, साच्यात ओतायची, भट्टीत घट्ट करायची. वजनाचा काटा माझ्याकडे, म्हणून मामांनी माझं नाव ठेवलं काटेबाई. ते जालन्याकडचे, बोलणं संथ. मी मालवणी, माझं तोंड आधी आणि हात मागून. "आमच्यात सोलकढीक कोण मापा घेत नाय," असं म्हणत मी एका दुपारी दुसरं रसायन अंदाजानंच ओतलं. वर नवी, फुलाफुलांची नायलॉनची साडी नेसून! भट्टीवर नायलॉन का, ते विचारू नका. मामा तेव्हा तिशीचे होते आणि केस मागे वळवत. त्यांचं लग्न झालेलं होतं हे मला कळलं ते नंतर, साडीच्या पैशांचं वाटोळं झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी साच्यातून चाक नव्हे, हलवा निघाला. चिकट, थरथरता. मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो गोळा ताटलीत घालून महिनाभर माझ्या काट्याशेजारी ठेवला. येणारा-जाणारा त्यावर चहाचा ग्लास टेकवी, मग ग्लास सुटेना. "कुणी केलं हे?" असं कुणी विचारलं की मामा म्हणत, "ही आपली काटेबाई. सोलकढी झकास करते."

पण ओतायच्या आधीची ती वेळ! तापवलेलं रसायन काचेच्या झाकणाच्या भांड्यात ठेवून पंपानं आतली हवा ओढून घेत. रंग मधासारखा. तळातून बुडबुडे निघत, रमतगमत वर येत, फुटत. शेवटचा एक तर असा रेंगाळे, जणू त्याला कुठे जायचंच नाही. मामा तेव्हा कुणाला बोलू देत नसत. "घाई केलीस ना, तर ती घाईच आत अडकते. मग चाक तिथंच फाटतं." पत्र्याच्या भोकातून उन्हाची नाणी जमिनीवर पडलेली असत, हळूहळू सरकत. मी येडी त्या मधात स्वतःचं रूप न्याहाळायची. आता वाटतं, तोंड बंद ठेवून बसण्याचं मला शिकवलेलं ते एकमेव काम, आणि मी ते आरशासारखं वापरलं.

मग लग्न, मुलुंडचं घर, मुलं, नातवंडं. कारखाना बंद पडला. मामांनी जवळच एक छोटा गाळा घेतल्याचं कानावर होतं. माझी साठी उलटल्यावर एकदा ते भाजीबाजारात दिसले, केस पांढरे पण वळण तेच. मला म्हणाले, "काटेबाई, काटा रिकामा आहे." बास, एवढंच. मी जाऊ लागले. घरी सांगितलं, भजनाला जाते. आठवड्यातून तीन भजनं. काही दिवसांनी सून म्हणाली, "आई, तुमच्या भजनाला भट्टीचा वास कसा हो येतो?" तेव्हा सांगावं लागलं.

आता रोलर नव्हते. इलेक्ट्रिक लाँगबोर्ड नावाचा नवाच प्रकार होता : लांब फळी, खाली चार चाकं नि मोटर, हातात रिमोट, वर उभं राहायचं आणि निघायचं. आमची पहिली गिऱ्हाईक निकी, पोहायला शिकवणारी तिशीची मुलगी, मुलुंडच्या तलावावर रोज फळीवरूनच जायची. "काका, पेव्हर ब्लॉकवर माझी हाडं खिळखिळी होतात," म्हणाली. मामांनी खडूनं जमिनीवर पुरीएवढं वर्तुळ काढलं. "एवढं मोठं करू. आणि मऊ." मग मला समजावलं, "लहान चाक खड्ड्यात पडतं. कडक चाक खड्डा जसाच्या तसा वर पाठवतं. मोठं मऊ चाक खड्डा पोटात घालतं." त्या वर्षी आम्ही किती चाकं ओतली! केशरी, जांभळी, काकवीच्या रंगाची. उन्हात धरली की आरपार दिसायची.

आणि मग एके दिवशी निकी खरचटलेलं कोपर घेऊन आली. "काका, नवीन चाकांवर पाय झिणझिणतात. काल फटीवरून उडाले आणि पडले."

मामांनी चाक हातात घेतलं, डोळे मिटले, अंगठा टेकवला. "चिकूच आहे पोरी."

मी दाबून बघितलं. माझा अंगठा काही त्यांच्यासारखा शिकलेला नाही, पण एवढं कळलं. मी खण उघडला आणि यंत्र लावलं. आकडा बराच वर. रसायनाचा नवा डबा दिसायला तस्साच, पण कडक जातीचा आला होता. पूर्वी असा डबा आला की पहिल्याच चाकाला मामा तो परत पाठवत.

"मामा, हा चिकू नाही. सुपारी आहे."

मामांनी यंत्रावरचा आकडा वाचला. मग अंगठा पुढे केला. "चिमटा काढ." मी काढला. जोरात, आमच्या मालवणी पद्धतीनं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. रोलर कातायच्या लेथवर सगळं आयुष्य काढलेलं मनगट, आतली नस दबून अंगठा बधिर झालेला. चार महिने कुणाला बोलले नव्हते.

"अंगठा गेला म्हणजे मी गेलो गं. एक पोर पडली. हात मोडला असता तर? उद्यापासून गाळ्याला कुलूप."

"अंगठा गेला, काटा आहे ना! यंत्र आहे, मी आहे."

"तू अंदाजानं ओततेस."

"एकदाच ओतलं, त्याला चाळीस वर्षं झाली!" मला रडू येत होतं, पण भांडताना मी रडत नाही. "कशानं तरी कळेलच की तुम्हाला. अंगठाच कशाला पायजे?"

त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "एकदा ओतू. मला कळलं तर गाळा चालू. नाही कळलं तर तू परत भजनाला."

योग्य डबा मागवला. मी ग्रॅमवर ग्रॅम तोलला, बुडबुडा सुटेपर्यंत दोघंही तोंडातून शब्द न काढता बसलो. त्यानंतर मामांनी आणखी दीड वर्ष चाकं केली, आणि गेल्या वर्षी ते गेले. पण मला आठवतात ते मयतीच्या दिवशीचे नाहीत. निकीच्या सोसायटीतल्या आतल्या रस्त्यावरचे आठवतात, सकाळी सातचे, झाडांवरून पिवळी फुलं गळत होती तेव्हाचे.

आधी निकीनं कडक चाकांची फळी मांडली. मामांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि अनवाणी फळीवर चढले. एक हात शेजारून चालणाऱ्या निकीच्या खांद्यावर, रिमोट तिच्या हातात, वेग गोगलगायीचा. चार पावलांत ओरडले, "थांब थांब! दात वाजले माझे. एक-एक फट मोजता येते."

म्हणजे पाय शाबूत होते. निकीनं नवी चाकं लावली, "पुढे खड्डे आहेत हां काका," म्हणून बजावलं. मामा पुन्हा चढले, डोळे मिटले, मान तिरकी केली. फळी निघाली. फुलांवरून, फटींवरून, गटाराच्या झाकणावरून, आवाज असा की कुणी लांबवर साडी झटकतंय. मी मागून चालत होते, तोंड बंद ठेवून. जन्मात दुसऱ्यांदा.

बरंच अंतर गेल्यावर मामांनी विचारलं, "काटेबाई, ते खड्डे कधी येणार?"

"तीन गेले, मामा!"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. निकीचा खांदा मात्र सोडला. "पोरी, थोडं लांब ने," म्हणाले. आणि मी त्यांच्या चपला घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, ते वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत.