बिनसाखरेच्या केकनंतरचे दोन तास

एकतीस वर्षं ती एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये केक करत होती. तिथे तिला सगळे मावशी म्हणायचे. शेफसुद्धा, आणि तो तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. तिच्या हाताशी कायम वजनकाटा असायचा. अंदाजे, चिमूटभर, चवीपुरतं असले शब्द तिच्यासमोर कुणी काढत नसे. "चिमूट कुणाची? तुझी की माझी?" ती विचारायची. नवीन माणूस तिथेच गप्प.

घरी ती एकटी. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "ओव्हनमध्ये राहून गेलं, मग जळलं." लोक हसायचे. तीही हसायची.

तिला एक धाकटा भाऊ. पंचावन्न वर्षांचा झाला तरी ती त्याला बाळ्या म्हणते. आईवडील लवकर गेले आणि बाळ्याला तिनेच वाढवलं. लाड करायची तिला एकच रीत ठाऊक होती. बाळ्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, बस चालवायचा. दर रविवारी ती त्याच्याकडे जायची. हातात पांढरा बॉक्स, बॉक्सला दोरी.

मग बाळ्याला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. तिने बॉक्स बंद केला नाही. तुकडे लहान कापायला लागली, एवढंच. "एका तुकड्यानं काय होतंय?" ती म्हणायची. बाळ्याने तिला आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. तो बायकोकडे चोरून बघायचा आणि खायचा. असं चार वर्षं चाललं.

पाचव्या वर्षी त्याला बूट चावला. साधा नवीन बूट. जखम भरेना. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. बस चालवणं सुटलं. आता तो डेपोत खिडकीमागे बसून पास देतो.

हॉस्पिटलमध्ये भावजय खाटेच्या त्या बाजूला उभी होती, ती या बाजूला. भावजय आवाज न चढवता म्हणाली, "वन्सं, एका तुकड्यानं काय होतं ते बघितलंत ना?"

तिच्या हातात तेव्हाही बॉक्स होता.

त्यानंतर अडीच वर्षं ती त्या घरी गेली नाही. येऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. या, असंही म्हटलं नव्हतं.

मधल्या काळात ती निवृत्त झाली. हॉटेलने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ती म्हणाली, "घड्याळ ठेवा, मला माझा टिन द्या." आठ इंची गोल टिन, कडेला एक पोचा. शेफने तो स्वतः पुसून दिला. घरी आणून तिने तो कपाटावर ठेवला. खाली घ्यायचं कारण मिळेना.

कारण दुकानात सापडलं. तेल आणायला गेली होती. तेलाशेजारच्या फळीवर एक पाकीट होतं. एरिथ्रिटॉल. दिसायला साखर, चवीला साखर, रक्तात मात्र साखर नाही, असं पाकिटावर लिहिलेलं. तिने चष्मा लावून मागची बारीक अक्षरं दोनदा वाचली. तेल विसरून पाकीट घेऊन आली.

त्या संध्याकाळी तिने घरातली साखर शेजारणीला देऊन टाकली. डबा घासून उन्हात ठेवला. गव्हाचं पीठही दिलं. शेजारीण म्हणाली, "मावशी, गाव सोडून चाललात की काय?"

आणि मग सुरू झाली फजिती. एकतीस वर्षं शिकलेलं सगळं उलटं. कॅरॅमल करायला घेतलं तर ही पावडर वितळली, पाण्यासारखी पारदर्शक झाली, पण तांबूस व्हायचं नाव नाही. गार झाल्यावर तिचे परत खडे. कस्टर्डखाली जणू वाळू. आइस्क्रीम केलं तर ते दगड झालं. साखर असली की बर्फ घट्ट होत नाही, हे तिला ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. चमचा वाकला. एकदा दुसऱ्या कंपनीची पावडर आणली, माल्टिटॉल. केक सुरेख झाला. तिने कौतुकाने तीन तुकडे खाल्ले. पुढची दुपार संडासात गेली. "केक फुगला नाही, मी फुगले," हे सांगताना ती फार हसली होती. शेजारणीला हसावं की नाही ते कळलं नाही.

सगळ्यात हट्टी गोष्ट म्हणजे गारवा. एरिथ्रिटॉल जिभेवर गार लागतं, दात घासून केक खाल्ल्यासारखं. तो गारवा मारायला तिला चार महिने लागले. मैद्याऐवजी बदामाचं पीठ. कोको थोडा जास्त. चिमूटभर नाही, दोन ग्राम मीठ. पावडर मिक्सरमधून आणखी बारीक. निम्मी पावडर काढून त्याजागी स्टीव्हियाचे, म्हणजे एका गोड पानाच्या अर्काचे, थेंब. पहिल्या दिवशी खायचा नाही, दुसऱ्या दिवशी खायचा. प्रत्येक वेळी चौकोनी काचेच्या भांड्यात कागद घालून केक करायचा, आठ तुकडे कापायचे, एक खायचा. सात उरायचे. शेजारणीने पहिल्यांदा घेतला, दुसऱ्यांदा म्हणाली, "आमच्याकडे कुणी खात नाही हो." फ्रीजरमध्ये डबे साठत गेले. प्रत्येकावर चिकटपट्टी, तारीख आणि दोष. गार. कोरडा. अंड्याचा वास. गार. गार. बरा.

सोळाव्या डब्यावर तिने काहीच लिहिलं नाही. त्यातला तुकडा तिने उभ्याउभ्या खाल्ला आणि फोन उचलला.

फोन भावजयीने घेतला.

"मी बोलतेय."

"हं, वन्सं."

"चॉकलेट केक केलाय. साखर नाही, मैदा नाही. बाळ्याला चालेल असा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. भावजय ती होऊन जाईपर्यंत थांबली.

"असं बघा," ती म्हणाली. "ह्यांना विचारलं तर हे हो म्हणणार. म्हणून मीच सांगते. रविवारी या. पण शुगरचं मशीन लावायचं. खायच्या आधी एकदा, दोन तासांनी एकदा. आकडा नीट आला तर पुढच्या रविवारचं बघू."

"आणि नाही आला तर?"

"तुम्हीच सांगा."

शनिवारी सकाळी तिने कपाटावरचा टिन खाली घेतला. बाळ्यासाठी काचेचं चौकोनी भांडं नको वाटलं. केक गोल हवा. पांढरा बॉक्स कुठून तरी मिळवला. दोरी होतीच.

रविवारी ती अकराला पोचली. बाळ्या खुर्चीत बसला होता, एका पायात जाड तळव्याचा बूट. केस पांढरे झाले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही एकदम बोलले.

"वाळलास रे."

"जाडी झालीस की तू!"

"सोळा केक खाल्लेत तुझ्यापायी," ती म्हणाली. "होणारच."

भावजयीने मशीन आणलं. बोटाला सुई, पट्टीवर थेंब. एकशे बावीस. तिने वहीत लिहिलं, वेळही लिहिली. मग म्हणाली, "हं, कापा."

बाळ्याने पहिला घास घेतला. डोळे मिटले. चावला. कडेला बारीक कुर्र असा आवाज झाला.

"ताई," तो म्हणाला, "कड तशीच आहे गं. अगदी तशीच."

तिने त्याला दुसरा तुकडा दिला. भावजयीने हरकत घेतली नाही. स्वतःही एक खाल्ला आणि म्हणाली, "चांगला झालाय." अडीच वर्षांत या बाईने तिला दिलेला हा पहिला चांगला शब्द.

मग वाट बघणं. बाळ्या म्हणाला, "निकालाला बसल्यासारखं वाटतंय. मी तर दरवेळी नापासच." त्याने डेपोतल्या गमती सांगितल्या. एक म्हातारा रोज खिडकीवर येऊन कालचाच पास दाखवतो आणि बरोबर आहे का विचारतो. "बरोबर आहे म्हणालो की खूश. कुठं जात नाही. बसमध्ये बसतच नाही." ती ऐकत होती. तिच्या घरी कुणी इतका वेळ सलग बोललेलं तिला आठवत नव्हतं. घड्याळ हळू चालावं असं तिला वाटत होतं. दीड तास होत आला.

"भांडी घासून टाकते," ती उठली.

"राहू द्या हो, वन्सं."

"टिन तेवढा. तो दुसऱ्याच्या हाती देत नाही मी."

उरलेला केक ताटलीत काढून तिने टिन नळाखाली धरायच्या आधी बोट फिरवलं. ती सवय. कडेला काहीतरी खरखरीत लागलं. तिने बोट जिभेला लावलं.

गार लागलं नाही.

तिने पुन्हा चाखलं. गोड, उबदार, साधं गोड. साखर.

क्षणभर तिला कळेना. घरात साखर नव्हती. मग कळलं. हत्यारांच्या खणात ब्रशशेजारी एक छोटा डबा असतो, झाकणाला भोकं असलेला. गोल टिनला लोणी लावायचं, त्यावर तो डबा झटकायचा, टिन फिरवायचा, उलटा करून ठोकायचा. म्हणजे केक सुटतो आणि कड कुरकुरीत होते. एकतीस वर्षं. साखर देऊन टाकताना तिला तो डबा आठवलाच नव्हता. तिच्या लेखी ती साखर नव्हतीच, ते हत्यार होतं. काचेच्या भांड्यात कागद असायचा, तिथे त्याची गरज नव्हती. शनिवारी टिन हाती आला आणि बाकीचं हाताने केलं. सगळं वजन करून घातलं होतं तिने. कधीच वजन न केलेली तेवढी एकच गोष्ट.

तिने नळ सोडला नाही. हिशोब केला. टिनला अंदाजे पंधरा ग्राम लागत असेल. ठोकल्यावर निम्मी पडते. उरली साडेसात, फार तर आठ. तुकडे आठ. बाळ्याने दोन खाल्ले. म्हणजे दोन ग्राम. दोन ग्रामने आकडा हलला तरी कळणार नाही. आकडा चांगलाच येणार. टिन तिच्या हातात होता, पाणी समोर होतं. घासून टाकला की संपलं. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार. डबा तर ती आजच फेकून देणार होती.

दोन ग्रामने काय होतंय?

ती टिन तसाच घेऊन बाहेर आली.

"बाळ्या, केकला साखर लागलीय."

"कुठं?"

"कडेला. दोन ग्राम गेली तुझ्या पोटात. एक तुकडा खाल्ला असतास तर एक."

बाळ्या हसायला लागला. "म्हणून कड एवढी झकास होय!"

भावजय हसली नाही. "कुणी घातली?"

"हातानं."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

तिने डब्याचं सगळं सांगितलं. भावजय शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "आकड्याला अर्धा तास आहे. तोवर तरी थांबायचं होतंत."

"आकडा चांगलाच येईल," ती म्हणाली. "म्हणूनच आत्ता सांगितलं."

तो अर्धा तास बाळ्या बुटाचा पट्टा काढत आणि लावत होता. शेवटी सुई, थेंब, पट्टी. एकशे अडतीस.

"बघ!" बाळ्या म्हणाला. "पास!"

भावजयीने वहीत आकडा लिहिला. पुढे लिहिलं, केक, दोन तुकडे. थोडं थांबली आणि लिहिलं, साखर दोन ग्राम.

दारापर्यंत तीच सोडायला आली. उरलेले पाच तुकडे तिने बॉक्समध्ये भरून, दोरी बांधून दिले होते.

"वन्सं, तुम्ही मला फसवणार नाही, हे आज कळलं," ती म्हणाली. "पण हाताचं काय करायचं? तो तुमचं कुठं ऐकतो?"

तिने बॉक्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तुम्ही येत जा. दर रविवारी या. येताना काही आणू नका, एवढंच. काहीच नको."

आतून बाळ्या काही बोलेल म्हणून ती जरा थांबली. मग चपला घातल्या.

पुढचे दोन रविवार ती गेली नाही. फ्रीजर रिकामा केला. डबे धुतले, चिकटपट्ट्या काढल्या. तिसऱ्या रविवारी साडी बदलली आणि निघाली. बसमध्ये गर्दी नव्हती. तरी ती उभी राहिली, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून.

भावजयीने दार उघडलं, तिच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "या, वन्सं."

"ताई! आज काय आणलंस?" बाळ्या जुन्या सवयीने बोलून गेला.

"काही नाही रे," ती म्हणाली. "मीच आलेय."

ती खुर्चीत बसली. हात आधी मांडीवर ठेवले, मग खुर्चीच्या दांड्यांवर, मग परत मांडीवर. भावजयीने बिनसाखरेचा चहा दिला. तिघांनी तो सावकाश प्यायला. चहा संपल्यावर पुढे काय करायचं, ते तिघांनाही माहीत नव्हतं. बाळ्याने टीव्ही लावला.