कोरडे पाय

बोरिक पावडरीचा डबा दिसला की माझं डोकं अजूनही फिरतं. नागपूरच्या आमच्या घरी रोज दिवेलागणीला, शुभंकरोति संपताच, बाबा आम्हां भावंडांना ओळीनं बसवून पाय पुढे करायला लावत. बोटांच्या बेचक्यांत ओल सापडली की आधी छडी बसे, मग पावडर. तरुणपणी ते इटलीच्या चिखलात, खंदकांत लढलेले अधिकारी होते, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. लोक त्यांना शिस्तीचा माणूस म्हणत. आई स्वयंपाकघराच्या दारात मुकी उभी राही, आणि मी मनातल्या मनात त्या शिस्तीला शिव्या घाली.

आई गेल्यावर, ऐंशीच्या दशकातल्या एका शरदात, बाबा आमच्याकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आले. मेपलची पानं तांबडी होऊन गळत होती, हवेत ओलसर, कुजका गोडवा होता. आल्याला आठवडा होतो न होतो तोच त्यांनी माझ्या आठ वर्षांच्या मीनाला पाय पुढे करायला लावलं.

"बाबा, हे इन्स्पेक्शन इथे चालणार नाही. पुन्हा केलंत तर तुमचं परतीचं तिकीट चेंज करते."

"बरं," एवढंच ते म्हणाले. मी ट्रॅव्हल एजंटला फोनसुद्धा करून ठेवला.

दिवाळीसाठी मीनानं मागच्या अंगणात किल्ला केला. मावळे कुठले मिळायला, म्हणून प्लास्टिकचे हिरवे अमेरिकन सैनिक आणले. किल्ल्याभोवती चर खणून तिनं त्यात पाणी सोडलं आणि सैनिक त्यातच उभे केले. बाबा बाहेर आले, पाणी पाहून थबकले, आणि इस्त्रीच्या पँटनिशी चिखलात बसून एकेक सैनिक उचलून रुमालानं त्याचे पाय पुसू लागले.

"आजोबा, दे आर जस्ट टॉइज," मीना म्हणाली.

"हो गं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "संध्याकाळी जवानांचे पाय बघणं माझं काम होतं. पुढे पुढे मला जागचं हलवेना. भीतीनं. बघितले नाहीत. खंदकातल्या पाण्यानं सडले. दोघांचे पाय कापावे लागले."

मला दया यायला हवी होती. आला तो संताप. हे आईला सांगायचं सोडून, चाळीस वर्षांनी, तिच्या माघारी, न्यू जर्सीतल्या एका अंगणात? त्यांच्या त्या भीतीची किंमत इटली न पाहिलेल्या पोरांनी पोटऱ्यांवर वळ उमटवून मोजली होती. कुणाचं युद्ध आणि कुणाला शिक्षा!

मीनानं चिखलानं भरलेले बूट काढले आणि आजोबांपुढे पाय लांब केले. त्यांनी हात पुढे केला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन टॉवेल आणला. त्यांच्या हातात तो द्यायचं माझ्याच्यानं झालं नाही, म्हणून मीच खाली बसून पुसू लागले. माझी बोटं आपसूक तिच्या बोटांच्या बेचक्यांत शिरली, एकेक करत, काही न विसरता. बाबा शेजारी बसून बघत होते. ओल कुठेही राहिली नव्हती, हे आम्हां दोघांनाही कळत होतं.