विहिरीची ओळ

“तू जरा बाहेर बस,” सर म्हणाले आणि माझ्या हातातले कागद त्यांनी काढून घेतले.

रेडिओ केंद्रातली खोली. भिंतींना भोकाभोकांचे तक्ते, टेबलावर मायक्रोफोन, त्याच्यासमोर मी. भाषणाला वीस मिनिटं उरली होती. तालीम म्हणून पहिलं पान नुकतंच वाचून दाखवलं होतं. काचेपलीकडून अधिकारी आत आले. आधी माझ्याशी बोललेच नाहीत. सरांशी बोलले. “मजकूर चांगला आहे हो. पण आवाज गावाकडचा येतोय. दक्षिण आफ्रिकेवर बोलायचं म्हणजे ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, माणूस जग जाणतो.” मग माझी समजूत काढल्यासारखं: “तुमच्या समाजाच्या प्रश्नांवर आमचा कार्यक्रम असतो. त्यात बोलावू ना तुम्हाला.”

मी सरांकडे पाहिलं. वाटलं, आता बोलतील. सरांनी खिशातून पेन काढलं. निवेदनाच्या कागदावर माझं नाव होतं. ते खोडून त्यांनी स्वतःचं लिहिलं. मग माझं पाचवं पान काढलं आणि एका परिच्छेदावर रेघ मारली.

“विषय जगाचा आहे,” ते म्हणाले. “तुझं गाव त्यात कशाला?”

बाहेर दाराशी बाकडं होतं. मी त्यावर बसलो. दारावरचा लाल दिवा लागला. आत माझं भाषण सुरू झालं.

सर विद्यापीठात राज्यशास्त्राचे विभागप्रमुख. मी त्यांचा संशोधक विद्यार्थी. जगात कुठे काही पेटलं की वर्तमानपत्रं सरांकडे लेख मागायची आणि सर माझ्याकडे कात्रणं मागायचे. परदेशी वर्तमानपत्रं बोटीने यायची, महिना-महिना शिळी. ग्रंथालयाच्या माळ्यावर बसून मी ती चाळायचो, टिपणं काढायचो, मसुदा लिहायचो. सर चार शब्द इकडचे तिकडे करायचे आणि खाली आपलं नाव घालायचे. तीन वर्षं हे चाललं. अमका देश नकाशात नेमका कुठे, हे सर कधीकधी मला विचारायचे. आणि अख्खं शहर सरांना विचारायचं.

सर जात मानत नसत. हे ते स्वतःच सांगायचे, चार पाहुण्यांसमोर, माझ्या हातात चहाचा कप देताना.

या वेळी मात्र त्यांनीच मला म्हटलं होतं, “केंद्राला तरुण अभ्यासक हवे आहेत. आफ्रिकेवर तू बोल.” मी तीन रात्री झोपलो नाही. रेडिओवर तोंडाला येईल ते बोलता येत नाही. आधी सगळं लिहून द्यावं लागतं, मंजूर झालं की तेवढंच वाचायचं. मी लिहून दिलं. तिथले काळ्यांचे वेगळे बाक, वेगळे नळ, रांगेत शेवटी उभी राहणारी एक बाई, सगळं कात्रणांतून काढून लिहिलं. आणि पाचव्या पानावर लिहिलं: ‘हे समजायला मला आफ्रिकेला जावं लागलं नाही. बुलढाणा जिल्ह्यात, सोनाळ्याजवळच्या माझ्या गावात, माझी आई रोज विहिरीपासून दहा पावलं लांब उभी राहते. कोणी दया करून पोहरा ओतला तर तिला पाणी मिळतं. महाराष्ट्र झाला. ती अजून तिथेच उभी आहे.’

ते मंजूर होऊन आलं. ओळ न ओळ. सरांनी खोडलं ते हेच.

घरी मी पोस्टकार्ड टाकलं होतं. अमक्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर बोलणार आहे. मायला सांगा, विहिरीचं बोलणार आहे.

आता कोणी विचारेल, तू उठून का नाही गेलास? दार लोटून आत का नाही शिरलास? माझ्या प्रबंधावर सरांची सही बाकी होती. बस, एवढंच. लाल दिवा विझला, सर घाम पुसत बाहेर आले. “छान झालं रे,” म्हणाले. मी त्यांची पिशवी उचलली आणि त्यांच्या मागे चालू लागलो. त्यांनी मला बाहेर काढलं ते एकदा. ती पिशवी मी आपल्या हाताने उचलली.

चार दिवसांनी गावी गेलो. जळगाव जामोदहून एसटीने. फाट्यावर माझा बाप झेंडूचा हार घेऊन उभा होता. सोबत आमच्या वस्तीतली पंधरा-वीस माणसं. मला काही कळेना.

बापाने गळ्यात हार घातला. त्याचे डोळे भरले होते. “तुहा आवाज किती बदलला रे! मले तं ओळखूच आला नाई. एकदम सायबावानी.”

मी मान खाली घालून चालू लागलो.

तेव्हा आमच्या गावात वीज नव्हती. ग्रामपंचायतीचा रेडिओ बॅटरीवर चालायचा. चावडीच्या ओट्यावर लाकडी पेटीत तो ठेवलेला, वर कर्णा. माझा बाप पंचायतीचा शिपाई. बॅटरी उतरली की ती डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत जायचं, एसटीने जळगावला न्यायची, भरून आणायची, हे काम त्याचं. तिच्यातलं तेजाब सांडून त्याच्या धोतरांना भोकं पडलेली. तारा जोडल्या की मात्र त्याने खाली उतरायचं. रेडिओचा कान पिळायचा अधिकार पाटलाच्या पुतण्याचा. आमची वस्ती ओट्याखाली, रस्त्यावर बसून ऐकायची. बुद्धाला शरण जाऊन आम्हाला काही वर्षं झाली होती. ओटा आपल्या जागी होता.

माझ्या भाषणासाठी बापाने बॅटरी दोन दिवस आधीच भरून आणली. सगळी वस्ती जमली. माझं पोस्टकार्ड पोस्टमनने रस्त्यातच वाचलं होतं, त्यामुळे ओट्यावरही गर्दी होती. विहिरीचं काय सांगतो ते त्यांनाही ऐकायचं होतं. पुतण्या मुद्दाम उशिरा आला. पेटी उघडली तेव्हा भाषण सुरू झालेलं. नाव सांगून झालेलं. आणि भाषण संपतासंपता त्याने कान पिळून गाणी लावली. शेवटी नाव पुन्हा सांगतात, तेही कोणाला ऐकू आलं नाही.

माझ्या माणसांनी सरांचा आवाज माझा समजून ऐकला. पोरगा शहरात राहून असंच बोलायला शिकला असेल, असं त्यांना वाटलं. कानावर आलं तेवढं सगळं ऐकलं. आफ्रिकेतली रांगेतली बाई ऐकली. मग विहिरीची वाट पाहत बसले. ती आलीच नाही.

गळ्यात हार घेऊन मी चावडीवरून गेलो. पाटील ओट्यावर बसले होते. त्यांनी मला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा नावाने. मग बापाला म्हणाले, “शहाणा झाला तुहा पोरगा. घरचं उणं जगाले सांगत नाई. असंच पाह्यजे.”

ती शाबासकी. सरांची रेघ, अधिकाऱ्याची समजूत, ते बाकडं, सगळं मी गिळलं होतं. ही गिळता येईना. मी हार काढून हातात घेतला.

घरी माय चुलीपुढे बसली होती. उठली नाही. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, तोही न बघता.

“मी इहिरीवर बायाइले सांगून बसली होती,” ती म्हणाली. “आता माहा पोरगा रेडिओत सांगते म्हणून. हासून राह्यल्या त्या मले. चार दिस झाले, पाणी ओतता ओतता हासतेत.” मग तिने वर पाहिलं. “आफ्रिकेतल्या बाईचं सांगतलं. माहं काऊन नाई सांगतलं?”

बाप मध्ये पडला. “सायब लोकाइत बसाचं म्हणजे थोडं सोडा लागते वं.”

तो माझी बाजू घेत होता. माझ्या भ्याडपणाला तो कारणं शोधून देत होता. त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं.

“बाबा, तो मी नव्हतो,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“भाषण मी लिहिलं. वाचलं सरांनं. नाव बी त्याइचंच सांगतलं. इहीर त्याइनं काढली.”

“मंग तू कुठी होता?”

“बाहेर. बाकड्यावर.”

चुलीतलं लाकूड मायने उगाच मागेपुढे केलं. बाप म्हणाला, “म्हणजे तू बी खालीच.”

मी एम. ए. झालो होतो. अर्ध्या जगाच्या राजधान्या मला पाठ होत्या. आणि माझ्या बापाने चार शब्दांत माझी जागा दाखवली. तो मला टोचत नव्हता. त्याला खरंच आत्ता समजलं होतं की ओट्याखालची जागा विद्यापीठातही असते. त्याचा चेहरा असा पडला की मला पाहवेना. पोरगा शिकला की वर बसेल, या एका आशेवर त्याने जन्मभर बॅटऱ्या वाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातम्यांच्या वेळी मी चावडीवर गेलो. मूळ मसुदा माझ्या पिशवीत होता. ओट्यावर दहाएक जण, खाली आमची वस्ती. मी ओट्यावर चढलो.

“खाली उतर बे,” पुतण्या म्हणाला.

मी कागद काढले. तो रेडिओ मोठा करायला लागला. कर्णा एवढा ओरडू लागला की माझाच आवाज मला ऐकू येईना. आणि एकदम बंद पडला.

पेटीशी बाप उभा होता. बॅटरीची तार त्याच्या हातात. घट्ट धरलेली.

“मीच भरून आणली,” तो म्हणाला. “मीच काढली.”

मी आधी माझं नाव सांगितलं. मग पहिल्या पानापासून वाचलं. माझ्या आवाजात, गावाकडच्या. पाचवं पान आलं तेव्हा पाटील उठून गेले. खाली गर्दीत माय उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती सरळ पुतण्याकडे पाहत राहिली.

त्याने काय झालं? चांगलं काही झालं नाही. बापाचं काम गेलं. विहिरीवर आमच्या बायकांसाठी पोहरा ओतणं बंद झालं. उन्हाळाभर माय नदीच्या वाळूत झिरे खणून वाटी-वाटीने पाणी भरत होती. एकदा तिचे सोललेले हात पाहून मी म्हटलं, “माय, मी वाचाले नको होतं.” ती म्हणाली, “वाचलं नसतं तं मी मेली असती.” एवढंच बोलली. तिच्या हातांना लावायला माझ्याकडे काही नव्हतं.

विद्यापीठात परतलो तेव्हा सरांनी नवी कात्रणं टेबलावर ठेवली. पुढचं भाषण घानावर होतं.

“लिहीन,” मी म्हटलं. “पण बोलणार मी. नाव माझं. आणि कोणती ओळ ठेवायची ते मी ठरवणार.”

सर हसले. “भावनेच्या भरात अभ्यास होत नसतो. मग तुझ्या सहीचं बघावं लागेल.”

“बघा,” मी म्हणालो. कात्रणं तिथेच ठेवली. या वेळी पिशवीही उचलली नाही.

सही आजतागायत झालेली नाही. बापाला काम नाही, मला नोकरी नाही. रोज संध्याकाळी सरांचा आवाज जगाबद्दल बोलतो आणि लोक मान डोलावतात. मसुदे आता दुसरा कोणी लिहून देत असेल. तोही बाकड्यावर बसत असेल. त्याला माझा निरोप एवढाच की ऊठ.

मी उठलोय. जगाबद्दल मी बोलणार. दक्षिण आफ्रिकेवर बोलेन, अमेरिकेवर बोलेन, कोणी बोलावलं नाही तर चावडीवर बोलेन. आणि दर वेळी सुरुवात माझ्या मायच्या विहिरीपासून करेन. ती ओळ ज्यांना ऐकवत नसेल, त्यांच्यासाठी बाहेर बाकडं आहे.