झुआरी ओलांडायची नाही

वास्कोची इंदूआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, नसती तर मी आज कोरगावात भावांबरोबर काजू वेचत असतो. त्यात कमीपणा नाही, भाऊ माझ्यापेक्षा सुखी आहेत. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो तिच्यामुळे. कॉलेजची सगळी वर्षं तिने मला बंदराजवळच्या आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं. वाऱ्याचं जनेल, म्हणजे घरातली एकुलती चांगली खिडकी, माझ्या अभ्यासाला दिली आणि स्वतः चुलीशेजारी पाय मुडपून निजली. निकाल लागला तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटताना ती म्हणाली, "भाचो माझो बी.ए. झालो. आणि ऐका, तो कधी फट मारूचो ना!"

फट म्हणजे आमच्याकडे खोटं, आणि वाक्याच्या शेवटी ना म्हणजे नाही.

आता पुढचं मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. माझ्या बायकोला, शालिनीला, ठाऊक आहे, कारण ती शेजारीच उभी होती. पण तिलाही सुरुवात तेवढी ठाऊक, शेवट नाही. तुम्हाला सगळं सांगायचं ठरवून बसलोय. बघू, धीर कुठवर पुरतो.

शालिनी डिचोलीची. तिचे वडील देवळात भजनाला तबला धरायचे, त्यामुळे गाणं तिच्या घरचंच. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं — तिने शिकवलं, समेवर माझ्या मांडीला चिमटा काढून. मी पेडण्याला हायस्कुलात मास्तर होतो. पणजीला चांगला गवई आला की आम्ही दोघं निघायचो. पण पणजीपर्यंत येऊन पुढे झुआरी नदीपलीकडे वास्कोला आत्येकडे जायचं नाही, असं कसं चालेल? म्हणून आधी वास्को, मग गाणं, असा आमचा बेत असे. आणि तिथेच घोळ होई.

आत्येच्या घरातून वेळेवर निघालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. चहा झाला की जेवण, जेवण झालं की शेजारीण, शेजारीण आली की "हो बघ माझो बी.ए.!" मग आत्या शालिनीकडे वळून विचारायची, "काय गो, विशेष काय?" शालिनी छताकडे बघायची. एकदा आम्ही सभागृहात पोचलो तेव्हा गवयाची भैरवी चालू होती. भैरवी! म्हणजे लग्नाला जावं आणि उष्टी ताटं उचलताना पोचावं.

मग आम्ही वास्को टाळायला लागलो. आम्ही कशाला म्हणू — मी. सबबी तेव्हा आयत्याच मिळत होत्या. कोकणी की मराठी, या वादात रस्त्यावर झाडं आडवी पडायची. "रस्तो बंद होतो गो आत्या" एवढ्यावर भागायचं. पणजीच्या अलीकडच्या मांडवी नदीवरचा पूल पडला तेव्हा काही महिने फेरीबोटीच्या गर्दीवर निभावले. पुढे कोकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं, लोकांनी फटाके वाजवले — आणि माझ्यापाशी एकही सबब उरली नाही.

अशाच एका रविवारी आम्ही फेरीबोटीतून पणजीच्या धक्क्यावर उतरलो. शालिनीने मोरपंखी साडी नेसली होती, माझ्या खिशात गाण्याची तिकिटं. आणि समोर, कोळणीच्या टोपलीशी हुज्जत घालत — आत्या. डोळे तपासायला पणजीला आली होती.

"अगो, माझो पुत!" तिने तिथूनच हाक मारली. "देवानं धाडलो बघ! ही सुंगटं बघ कशी जिवंत आसत. चला घरा, हुमण करतंय."

मोठी कोळंबी ती, आणि हुमण म्हणजे तिचं नारळातलं कालवण. शालिनीने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. गाणं आहे, असं सरळ सांगता आलं नसतं का? आलं असतं. ती रुसली असती आणि पाच मिनिटांत हसली असती. पण तिच्या घरापेक्षा मला दुसरं काही जास्त ओढतं, हे तिच्या तोंडावर म्हणायची मला लाज वाटली. आणि मी म्हणालो, "आत्या, देवान कौल दिलो ना."

आमच्या गावात मोठ्या कामाआधी देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडते की डावी, त्यावरून हो की नाही ते समजतं. त्यावर कुणी उलट बोलत नाही.

"कसलो कौल?"

"झुआरी ओलांडायची नाही, म्हणाला."

आत्येने पिशवी खाली ठेवली. "आणि मांडवी?"

"मांडवी चलता."

"किते दीस?"

"ता काय देवान सांगूंक ना."

शालिनी खोकायला लागली. आत्येने मात्र तिथेच, कोळणीच्या टोपलीसमोर, कोरगावच्या दिशेला हात जोडले. मग सुंगटांची ओली पिशवी माझ्या हातात दिली. "माझ्या घरी नाय तर तुझ्या घरी खा. पण खा."

ती पिशवी कुठे टाकणार? टाकवेना. घेऊनच सभागृहात बसलो. गवयाने विलंबित धरला आणि पंख्याच्या वाऱ्यावर सुंगटं दरवळू लागली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळले, मग त्यांची बायको वळली. मीही मान वळवून मागच्या निरपराध माणसाकडे रोखून पाहिलं. शालिनी पदराने तोंड झाकून इतकी हसली की शेजारच्या बाईंना वाटलं, गाण्याने गहिवरून आली. परतताना मात्र फेरीबोटीत ती म्हणाली, "अहो, दुसऱ्या कुणाचंही नाव घ्यायचं होतंत. देवाचं कशाला?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आणि एक कबूल करतो — पुढचे कितीतरी महिने आमचे गाण्याचे सगळ्यात चांगले महिने होते. कुठे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. पहिल्या सुरापासून भैरवीपर्यंत खुर्चीत. तिकडे आत्या दर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडायची, देव काय म्हणतो? मी उलट निरोप द्यायचो, अजून गप्प आहे.

शेवटी मलाच राहवेना. वाटलं, जसं खोटं बांधलं तसंच खोट्यानेच सोडवावं. मी एकटाच वास्कोला गेलो आणि दारातूनच ओरडलो, "आत्या, कौल मिळालो!"

ती रडली. मग चूल पेटवली. सुंगटांचं हुमण, तळलेले बांगडे — माझ्या ताटात जागा उरली नाही. तिच्या ताटात होता डाळभात.

"तू घेय ना?" मी विचारलं.

आतोबा, तिचे यजमान, हसले. "ती आता जल्मभर घेवची ना. वास्कोत रावून मासळी सोडणारी ही एकटीच!"

"आंगवण केल्ली," आत्या म्हणाली. आंगवण म्हणजे नवस. "म्हटलं, देवा, माझ्या घरात काय चुकलां असात तर माफ कर. पोरगो परत माझ्या घरात जेवंदी, मी मासळी सोडतंय. आणि देवान ऐकलां मरे, पुता!"

माझ्या तोंडात बांगडा होता. तो गिळला, की बोलणार होतो... गिळला आणि दुसरा घेतला.

तुम्हीच सांगा, याला काय म्हणावं? माझं पहिलं खोटं कदाचित विरून गेलं असतं. दुसऱ्याने तिला नवस फेडायला लावलं. आणि ती बाई कोण, तर काट्यासकट बांगडा खाणारी, सणाच्या दिवशी मासळी नाही म्हणून सूर्य कधी मावळतो याची वाट बघणारी! त्यानंतर वर्षानुवर्षं मी तिच्याकडे जेवलो. हुमण ती करायची, पण चाखू शकत नव्हती. म्हणून दर वेळी डाव माझ्यापुढे यायचा — "पुता, मीठ पुरे मरे?" मी चाखायचो आणि म्हणायचो, पुरे. शालिनीला वाटे, आत्येने वयामुळे सोडलं. मीही तिचा तसा समज राहू दिला.

आता आत्या थकली आहे. परवा डॉक्टरांनी तिला मासळी खायला सांगितली, अंगात शक्ती नाही म्हणून. ती म्हणाली, डॉक्टराक देव ठाऊक ना. हे सांगताना ती माझ्याकडे बघून हसली, आपलं दोघांचं काही गुपित असल्यासारखी. मी घरी आलो, शालिनीला सगळं सांगण्याआधी कागद घेतला आणि हे लिहून टपालपेटीत टाकलं —

ती. आत्येस शि. सा. नमस्कार.
देवाने कौल नाकारला नव्हता. मी कौल लावलाच नव्हता. त्या दिवशी आम्ही पणजीला गाणं ऐकायला आलो होतो, ते तुला सांगायला लाजलो. मागाहून कौल मिळाला म्हणालो, तेही खोटं. तुझ्या घरात कधी काही चुकलं नव्हतं. मी तुझ्याकडे जेवायला आलो तो देवाने धाडलं म्हणून नव्हे, माझा मी आलो. तेव्हा देवाचं तू काही देणं लागत नाहीस. हे तू आंगवणीचं सांगितलंस त्याच दिवशी, तुझ्या पाटावर बसलो असताना, मला कळलं होतं, तरी मी जेवत राहिलो.
तुझा भाचा